गीताबाईंचा वादाचा तास

भोरच्या बाजाराच्या दिवशी हेडमास्तर सकाळीच एसटी पकडायला जायचे आणि आंबवड्यापुढच्या वाडीतली दोनशिक्षकी शाळा एकट्या गीताबाईंच्या हाती यायची. त्या दिवशी शेवटच्या तासाला त्या सातवीच्या पोरांना दोन रांगांत समोरासमोर बसवत आणि भांडायला लावत.

"भांडायचं, पण नेमानं," त्या पदर खोचत म्हणत. "समोरचा काय बोलला ते आधी सांगायचं. तो 'व्हय, हेच' म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. आणि मधे टोल पडला की बाजू बदलायची. आत्तापर्यंत जे खोडून काढलं, तेच आता मांडायचं."

पोरांना आधी ही गंमत वाटायची. बाईंना मात्र तिच्यामागची कळ ठाऊक होती. ट्रेनिंगच्या परीक्षेत त्यांनी 'लोकर उष्णतेची मंदवाहक आहे' असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आणि त्याच रात्री घोंगडी ओढून घेत मैत्रिणीला म्हणाल्या होत्या, "गरम आहे गं ही, चुलीसारखी!" उत्तर पेपरात राहिलं होतं, अंगात काही उतरलं नव्हतं. आपल्या पोरांचं असं होऊ नये, एवढंच त्यांना वाटे.

एकोणसत्तरच्या फाल्गुनात एके सकाळी रखमाजी शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याची फुला सातवीत. वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत पोर, आणि परीक्षा महिन्यावर आलेली.

"बाई, फुलाचं नाव काढा."

"काय झालं, रखमाजीभाऊ?"

"तोंड लई सुटलंय तिचं. काल म्या म्हणलं, शेरडं सोड. तर म्हणती कशी, 'आबा, आधी मी काय बोलले ते सांगा, मग तुमचं बोला.' माझ्याच घरात मला परीक्षा!"

बाईंना हसू फुटलं, ते त्यांनी पदराआड ढकललं. पोर हातची जाणार, हे त्यांना दिसत होतं.

"काढते नाव. पण एक तास बघा, मग सांगा. आज बाजाराला निघालाच आहात, तर रसवंतीवाल्याकडून थोडा बर्फ आणा. घोंगडीत चांगला गुंडाळून."

"बरफ? घोंगडीत?" रखमाजी तोंडाकडं बघतच राहिला. पण बाईमाणसानं मागितलेलं नाही कसं म्हणायचं?

दुपारी वाद रंगात आला होता. विषय होता : घोंगडी ऊब देते की नाही?

"देती!" ज्ञानू उठला. "न्हाईतर आमी पावसाळ्यात काय हौसेनं पांघरतो? मेंढरं तरी का कुडकुडत न्हाईत?"

"तू म्हणतोस, लोकरीतच ऊब हाय म्हणून मेंढरू कुडकुडत न्हाई," फुला म्हणाली.

"व्हय, हेच."

"मग खुंटीवरच्या घोंगडीला हात लाव. गार लागती. ऊब तुझी हाय रं, घोंगडी ती निस्ती अडवती!"

तेवढ्यात दारात रखमाजी. हातात बाजाराची ओलीगच्च पाटी, काखेत घोंगडी, चेहरा उतरलेला. पाटीच्या तळाशी आवळ्याएवढा बर्फ.

"नारळाएवढा घेतला होता, बाई. पर घोंगडीत त्याला उकडंल, म्हणून वाटंतच काढला. एसटीच्या खिडकीशी वाऱ्याला धरला. आंबवड्यापास्नं तर पळतच आलो. जिवापाड जपला, तरी गेला."

पोरं खदखदली. बाईंनी नुसतं बघितलं, तशी चिडीचूप झाली.

"सगळाच काढला होतात?"

"धाकटा तुकडा होता एक. ल्हानसा, म्हणून दिला तसाच राहू. तो काय टिकतोय!"

फुलानं घोंगडी उलगडली. एकेक घडी सुटत गेली आणि आतून लिंबाहून मोठा, केसाळ, लख्ख बर्फाचा खडा तिच्या तळहातावर आला.

रखमाजीनं आधी पाटीत बघितलं, मग लेकीच्या हाताकडं.

"आयला! धाकट्याकडं म्या बघितलं बी न्हाई, अन् त्योच जगला?"

बाईंनी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल दिला. "बाजू बदला! भाऊ, तुम्ही इकडं बसा, फुलाच्या जागी. फुला, तू आबांची बाजू मांड. घोंगडी ऊब देते."

फुला उठली. बर्फाचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. आबांची बाजू मांडायची म्हणजे आबांसारखं बघायला हवं.

"पौषात मला ताप भरला होता. आबांनी आपली घोंगडी काढून माझ्यावर घातली. रातभर ते उघड्या अंगानं चुलीपाशी बसले. पहाटं मला घाम फुटला, ताप उतरला. आबा म्हणतात, घोंगडीनं ऊब दिली. त्यांनी हातानं घातली, त्यांनी डोळ्यानं बघितलं. मग ते तसंच म्हणणार. आज बर्फाला उकडंल म्हणून काढला, तो बी त्याच मायेनं."

"भाऊ," बाई हळूच म्हणाल्या, "तिचं म्हणणं आधी सांगायचं. नेम आहे."

रखमाजी उठला. "ती म्हणती, तिला ताप होता… अन् म्या…" त्यानं मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. पोरं यावेळी हसली नाहीत. खाकरून त्यानं पुन्हा धरलं. "म्या घोंगडी घातली. व्हय. पर ऊब माझी न्हवं अन् घोंगडीचीबी न्हवं. ती तुझ्याच अंगाची होती, पोरी. घोंगडीनं बरफाकडं भायेरची ऊब येऊ दिली न्हाई, तशीच तुझी जाऊ दिली न्हाई, एवढंच."

"व्हय, हेच," फुला म्हणाली.

शाळा सुटली तरी रखमाजी पायरीवरून हलेना. कपाळाला आठी.

"बाई, एक सांगा. अंगावर घेतली की पयल्यांदा घोंगडी गार का लागती?"

"आजच सांगू?"

"नगा. घरी जाऊन भांडतो हिच्याशी." त्यानं ओली घोंगडी खांद्यावर टाकली. "पर उत्तर बरोबर का चूक, ते तुमाला विचारायला कुणी तरी यायला पायजे ना. उद्या धाडतो तिला."

"आणि नाव?"

"राहू द्या की हो," रखमाजी पायरी उतरता उतरता म्हणाला. फुला तोवर चार पावलं पुढं गेली होती आणि मागं वळून ओरडत होती, "आबा, आधी तुमचं काय म्हणणं ते सांगा!"