बोटाच्या मापाचे मासे

दस्तगीरभाई गेले तेव्हा मी नववीच्या वर्गात गुणोत्तर शिकवत होतो. तास संपवून शिक्षकखोलीत आलो, तर मोबाइलवर मळवलीच्या वहिनींचे तीन मिस्ड कॉल. उलट फोन लावला. "सर, ह्यांचं सकाळीच झालं. दुपारी माती हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. लोणावळा ते मळवली एका स्टेशनाचं अंतर. पण गेल्या तीन वर्षांत मी ते एकदाच कापलं होतं, आणि तेही ते अंथरुणाला खिळल्यावर. कबरस्तानात माझी पाळी आली तेव्हा मूठभर माती टाकताना मला एकच गोष्ट आठवत राहिली... त्यांची माफी मागायची राहून गेली होती.

ते सुतार. मळवली-भाजे भागातल्या बंगल्यांची दारंखिडक्या करायचे. शाळेतली बाकं दुरुस्त करायला आले तेव्हा आमची ओळख झाली. मला गळ टाकायचा नाद तरुणपणापासूनचा, पण यश बेताचंच. टेबलावर माझा नवा डबा उघडा होता, त्यात पुण्याहून आणलेले रंगीत प्लॅस्टिकचे मासे. आमिष म्हणून पाण्यातून ओढायचे ते. दस्तगीरभाईंनी कानावरची पेन्सिल काढून त्यातला एक मासा उलटासुलटा केला. "सर, ह्याला गिळायला मगर लागंल की," ते म्हणाले. मला राग आला होता. मी गणिताचा मास्तर, मला मापाबद्दल कुणी शिकवावं हे पचत नव्हतं. तरी पुढच्या रविवारी मी त्यांच्यामागे स्कूटर हाणत खिंडीतून पवना धरणाच्या फुगवट्यावर गेलोच.

त्यांचे खोटे मासे पांगाऱ्याच्या लाकडाचे, घरी कोरलेले. पण काठी हातात घेण्याआधी ते काठाशी उकिडवे बसायचे, उजवा हात पाण्यात बुडवायचे आणि वाट बघायचे. तीन-चार मिनिटांनी बारीक पोना, म्हणजे माशांच्या पिलांचा थवा, तळहातावरून फिरू लागला की तर्जनीवर त्याची लांबी बघायचे. "दोन पेरं," म्हणायचे, आणि पिशवीतून तेवढाच मासा काढायचे. भादव्यात पोना बारीक असतो, दिवाळीपर्यंत वाढतो, होळीनंतर बोटभर होतो. मोठा मासा त्या दिवशी जे खातोय तेवढ्याच मापाचं त्याच्यापुढं ठेवायचं, एवढीच त्यांची विद्या. मी घरी येऊन पट्टी काढली, माझ्या बोटाची दोन पेरं मोजली, आकडा मिलिमीटरसकट वहीत लिहिला आणि त्याबरहुकूम दुकानातून मासे आणले. त्यांना पाच मासे लागले की मला एक लागायचा. "पाण्याला तुमची भीती वाटती, सर," ते हसायचे. मी नशिबाला बोल लावायचो.

आणि मग तो श्रावण आला. मी मधल्या बोटाहूनही लांब, निळा चकचकीत मासा घेऊन गेलो होतो. दस्तगीरभाई पलीकडच्या वळणावर बसले होते. माझ्यापुढं गवताशी पाणी एका जागी उकळल्यासारखं हलत होतं. लालसर पिलांचा घोळका होता तो. मरळ आपल्या पिलांखाली राखण करत फिरते हे मी ऐकून होतो. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तो निळा मासा बरोबर पिलांच्या मधोमध टाकला, आणि पाणी फाडून मरळ त्याच्यावर आली. आयुष्यातला सर्वांत मोठा मासा. माझी हाक ऐकून दस्तगीरभाई धावत आले, आणि त्यांनी आधी मासा बघितला नाही, पाणी बघितलं.

"सोडा तिला."

"अहो, दोन किलोच्या वर आहे."

"भुकेनं न्हाई धरलं तिनं. एवढं मोठं पोरांवर आलं म्हनून धरलं... सोडा, सर."

मी सोडली नाही. फोटो काढला, पिशवीत घातली. ते काठावर बसून राहिले. दुसरे मासे त्या पिलांवर येऊ लागले होते आणि ते काठीनं पाणी बडवत होते. "चला, उशीर होतोय," मी म्हणालो. मान न वळवता ते म्हणाले, "तुमी जावा. ह्यास्नी आता कोन राखनार?" मी खरोखरच त्यांना तिथं सोडून निघून आलो. रात्री कालवण झालं. चांगलं झालं होतं, आणि मी ते पोटभर खाल्लं, हे लिहिताना आज शरम वाटते.

त्यानंतर ते माझ्याबरोबर आले नाहीत. भांडण असं झालंच नाही. रस्त्यात भेटले तर "बरं हाय का, सर?" एवढंच. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो. यंदा जेठात ते फार आजारी असल्याचं कळलं आणि मी गेलो. खाटेवर मूठभर माणूस उरला होता. मी डॉक्टरांबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, शाळेच्या बाकांबद्दलही बोललो, पण जे बोलायला गेलो होतो ते ओठांवर येईना. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला होता. अंगठ्यानं माझ्या तर्जनीचं एकेक पेर दाबत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा. आजारी माणसाची माया, असं मला वाटलं. आषाढात ते गेले.

मागच्या आठवड्यात वहिनी स्वतः घरी आल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढं ठेवला. "तुमी येऊन गेला आन् हे उठून बसले. हात चालत न्हवता, तरी कोरीत हुते. मी म्हनलं, आता कशापायी? तर म्हनले, सरांचं माप चुकतंय."

डब्यात प्लायच्या पट्ट्या लावून चार खाने केलेले. तीन खान्यांत पांगाऱ्याचे मासे, त्यांवर वेड्यावाकड्या अक्षरांत भादवा, दिवाळी, होळी. झाकणाच्या आत पेन्सिलीनं एक बोट काढलं होतं. त्यांचं बोट आखूड, जाड. हे लांब होतं, आणि वरच्या पेराला किंचित वाकडं. लहानपणी चेंडू लागून वाकडं झालेलं माझंच बोट. त्यावर मापाच्या तीन रेघा होत्या, आणि तिन्ही माझ्या पेरांच्या बऱ्याच अलीकडे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी त्यांचं माप माझ्या बोटावर मोजत होतो. चौथ्या खान्यावर 'श्रावण' लिहिलं होतं. तो रिकामा होता.

परवा जरा उघडीप होती म्हणून फुगवट्यावर गेलो. डबा नेला, काठी मात्र श्रावण म्हणून घरीच ठेवली. त्यांच्या जागेवर उकिडवा बसलो आणि हात पाण्यात बुडवला. बराच वेळ काही आलं नाही... मग पोना आला, तर्जनीवरून इकडून तिकडं फिरू लागला. मी झाकणावरची रेघ आठवली आणि बघितलं.

"पेरापेक्षा कमीच आहे अजून, दस्तगीरभाई," मी म्हणालो. आणि मग, तीन वर्षांपासून जे सांगायचं होतं, तेही सांगितलं.