चर्चा झाली असं लिहिलंय

आमच्या कंपनीत गेली नऊ वर्षं मला विचारल्याशिवाय काहीही झालेलं नाही. असं मी म्हणत नाही, रजिस्टर म्हणतं. जाड पुठ्ठ्याचं ते रजिस्टर एचआरच्या कपाटात असतं आणि त्यात दर तीन महिन्यांनी माझी सही आहे. सही सुरेख आहे. शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेल्या बाईची आहे.

कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. औषधांचे खोके आणि खोक्यात घालायची घडीची पत्रकं छापायची, हे तिचं काम. मी तपासणीत आहे. छापलेलं अक्षर न् अक्षर वाचायचं, एक टिंब चुकलं तरी माल थांबवायचा, याचाच मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, बिचारीला वाचता येत नसेल.

शंभराच्या वर माणसं कामाला असली की मालक आणि कामगार यांची मिळून एक समिती असावी लागते. तिथे कामगारांना माहिती द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. कायद्याची इच्छा मोठी गोड आहे. आमच्या समितीची निवडणूक कँटीनमध्ये पाच मिनिटांत झाली. कुणीतरी म्हणालं, "ताईंचं अक्षर चांगलंय, त्यांनाच टाका." नाहीतरी सगळ्यांचे रजेचे अर्ज, बँकेची पत्रं मीच लिहून द्यायचे. तेवढ्या पात्रतेवर मी कामगारांची प्रतिनिधी झाले आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. बायका 'आमची प्रतिनिधी' म्हणायच्या तेव्हा मान जरा ताठ व्हायची.

तीन महिन्यांनी एकदा, जेवणाच्या सुट्टीत, एचआरच्या केबिनमध्ये मीटिंग. बटाटेवडे आणि चहा. विषय ठरलेले: पाण्याचा कूलर, बायकांच्या बाथरूमची कडी, आणि वर्षभर पुरणारा विषय म्हणजे कंपनीच्या सत्यनारायणाला यंदा कुठलं जोडपं बसवायचं. त्यावर आम्ही इतक्या तावातावाने बोलायचो की बाहेरच्याला वाटावं, काहीतरी महत्त्वाचं चाललंय. कडी बसली तेव्हा तर जग जिंकल्यासारखं वाटलं होतं.

शेवटी रजिस्टर यायचं. एचआरचा साहेब पोरगेलासा, तोंडाने गोड. वरती तारीख टाकलेली, बाकी पान कोरं. "ताई, सही करा ना, मी भरतो नंतर." पुढे पुढे त्यालाही कंटाळा आला असावा आणि आम्हालाही. जानेवारीच्या मीटिंगलाच तो म्हणायचा, "पुढच्या तीन मीटिंगच्या पण आत्ताच टाकून द्या, परत तुमचा लंच कशाला खराब?" आम्ही तिघंही प्रतिनिधी तेलकट बोटं रुमालाला पुसून चार पानांवर चार सह्या करायचो. मी तर म्हणायचे, "माणूस किती समजूतदार आहे!"

पॅकिंगला माझी एक मैत्रीण होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, जिभेने तिखट, हाताने विजेसारखी. चार वर्षांपूर्वी नवऱ्याला लकवा झाला, एक बाजू गेली. सकाळी सातची पाळी, तीनला सुटी, सव्वातीनला घरी. तोवर शेजारीण मधूनमधून डोकावायची. घरी गेल्यावर त्याला उठवून बसवायचं, अंघोळ घालायची, भात कालवून भरवायचा. तो दुसऱ्या कुणाच्या हातून घासच घेत नसे. ही नोकरी तिने धरली होती ती एवढ्यासाठीच, की घर शेअर रिक्षाच्या अंतरावर होतं.

ऑगस्टमध्ये गेटवर एक बसवाला आला. कंत्राटी बसचा ड्रायव्हर. त्याने वॉचमनला विचारलं, "शहाडला कितने लोग चढेंगे?" वॉचमनला काहीच कळेना. मग बसवाल्यानेच सांगितलं: पुढच्या महिन्यापासून पॅकिंग विभाग मुरबाडच्या नव्या शेडमध्ये, शहाड स्टेशनहून बस पहाटे पावणेसहाला, परत यायला संध्याकाळचे सहा. आमच्या भवितव्याबद्दलची एवढी माहिती आम्हाला बसवाल्याने दिली. नोटीस बोर्डवर तेव्हा हात धुण्याच्या सूचना होत्या.

मैत्रीण थेट माझ्या टेबलाशी आली. "तुला ठाव होता का गो?"

"शप्पथ नाही," मी म्हणाले. आणि लगेच फुशारले. "आम्हाला विचारल्याशिवाय ते असं करूच शकत नाहीत. कायदा आहे. तू अजिबात काळजी करू नकोस."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात बाकीच्या बायका एचआरकडे जाऊन रडून भेकून कुणी छपाईत, कुणी स्टोअरमध्ये बदली मागत होत्या. दोघींना मिळालीही. ही गेली नाही. म्हणाली, "आपली मानसा हायत ना आत."

नौपाड्यात माझ्या मावसभावाच्या ओळखीचे एक वकील आहेत. वय झालंय, पण आयुष्य कामगार कायद्यात गेलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कामाच्या अटी बदलायच्या तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कायद्याचं नाव आता बदललं आहे, पण ही तरतूद शिल्लक आहे. शिवाय तुमच्या समितीत चर्चा व्हायला हवी होती. बाजू भक्कम आहे. फक्त एक सांगा, तुम्ही कशावर सह्या तर केलेल्या नाहीत ना?"

"छे हो," मी म्हणाले.

मी खोटं बोलत नव्हते. वडे खाता खाता जे करतो त्याला सही म्हणतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. आजही त्या 'छे हो'ची मला लाज वाटते.

तक्रार दिली आणि ठाण्याच्या कामगार कार्यालयात दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. मैत्रीण अर्धा दिवस रजा टाकून आली होती, ठेवणीतली साडी नेसून. साहेब रजिस्टर घेऊन आला होता. त्याने खूण घातलेलं पान उघडून अधिकाऱ्यांसमोर ठेवलं आणि अधिकाऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं. 'पॅकिंग विभागाच्या स्थलांतराविषयी सविस्तर चर्चा झाली. एकवीस दिवसांची नोटीस मिळाल्याचे कामगार प्रतिनिधींनी मान्य केले व सर्वानुमते संमती दिली.' खाली तीन सह्या. मधली माझी.

तारीख बघितली आणि मी ओरडलेच, "त्या दिवशी तर मी रजेवर होते! वर्तकनगरला भाचीचं डोहाळजेवण होतं!"

"मग ही सही कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझीच."

मग मी सगळं सांगितलं, कोरी पानं, जानेवारी, चार सह्या. अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही लेखी द्या. कोऱ्या पानांवर सह्या घेतल्या जात होत्या, असं. मग मला पुढे काहीतरी करता येईल. देताय का?"

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, सोच के. खोटं रेकॉर्ड बनवण्यात तुम्ही पण आहात, असं होईल ते. चौकशी लागेल. रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?"

दोन वर्षं राहिली होती. घरी हप्ते होते, माझी आई होती, असं बरंच काही होतं आणि ते सगळं खरं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. मी नुसती घाबरले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरोखर विचारत होतं, उत्तर येईस्तोवर थांबून विचारत होतं. बाकीचे दोघं प्रतिनिधी तर आलेच नव्हते, त्यांना शहाणपण आधीच सुचलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

मैत्रिणीने पदर सारखा केला आणि उठली. स्टेशनपर्यंत आम्ही एका रिक्षात होतो आणि मी सबंध वाटभर बोलत होते. ती बाहेर बघत होती.

मी ते लेखी दिलं नाही. पुढची तारीख आली, गेली. पॅकिंग मुरबाडला गेलं.

सात आठवडे तिने ती बस धरली. एकदा संध्याकाळी घरी पोचली तर नवरा पलंगाखाली पडलेला, दुपारपासून तसाच. शेजारीण गावाला गेली होती. हाड मोडलं नव्हतं, पण त्यानंतर त्याने जेवण कमी केलं.

मग एका शनिवारी ती डोंबिवलीच्या कंपनीत आली, हिशेबाचे कागद घ्यायला. एचआरने सांगितलं होतं, राजीनाम्याचा अर्ज आण, त्यात स्वेच्छेने असा शब्द पाहिजे. तिला लिहायचा सराव नव्हता. कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या तरी घालेल. मला त्या हव्या होत्या.

तिने पिशवीतून कोरा कागद काढला. "लिही. सगल्यांचे तूच लिवतस."

मी लिहिलं. 'घरगुती अडचणींमुळे मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' अक्षर नेहमीसारखं चांगलंच आलं, त्याचाही मला राग आला. खाली तिचं नाव लिहून मी कागद तिच्याकडे सरकवला, पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली. "मी आयकल्याबिगर सही नाय करत."

मी वाचलं. स्वेच्छेने या शब्दाशी अडखळले.

"परत वाच."

मी परत वाचलं, पहिल्यापासून. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सही केली.