नवव्या पानापर्यंत

मदरबोर्ड कुठलाही असो, हातात आला की काका आधी त्याचा वास घ्यायचे. डोळे मिटून, खरबूज पारखावं तसा. "जळालाय," म्हणायचे, नाहीतर "चालेल." सहसा चुकत नसत, आणि याचाच मला राग यायचा. वीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये घालवून मला जे मीटर लावल्यावर कळायचं, ते या माणसाला नाकानं कळायचं.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. मूळचे यवतमाळचे, दिल्लीच्या एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळत निवृत्त झालेले. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या घरी खुर्चीवरचे सुटे भाग उचलल्याशिवाय बसता येत नाही.

जुन्या कॉम्प्युटरचं वेड मलाही आहे. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, चाळिशी उलटलेल्या बाप्यांचा. जुन्या बोर्डांचे फोटो टाकायचे आणि उसासे सोडायचे. काकांना त्यात घेतलं, तर तिसऱ्या दिवशी बाहेर. म्हणाले, "तुम्ही लोक आठवणी काढता यार. मला काम आहे."

काम एकच होतं. शाळेतली नोकरी संपल्यावर काकूंनी घरच्या जुन्या मशीनवर आपली जीवनकहाणी टाइप केली होती. पूर्ण झाल्याशिवाय वाचायची नाही, अशी नवऱ्याला सक्त ताकीद. कहाणी पूर्ण झाली आणि पंधरवड्यात काकू गेल्या. पाठोपाठ मशीनचा बोर्डही गेला. डिस्क शाबूत होती. पण ते मराठी सॉफ्टवेअर त्याचं कुलूप लावल्याशिवाय चालत नसे. कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी करडी डबी, जुन्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसणारी. सॉफ्टवेअरवाले कधीच दुकान बंद करून गेलेले. मी ती फाईल दुसरीकडे उघडून पाहिली, तर नुसती चिन्हांची खिचडी.

तेवढ्यात बाजारात एक रेट्रो बोर्ड आला, जुन्याची हुबेहूब नक्कल. तोच जुना मातकट रंग, तीच जाड अक्षरं, चालू केल्यावर तोच निळा पडदा. ग्रुपवर सगळे हळवे झाले, मीही झालो. आणि मूर्खासारखा तो मागवून काकांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी वास घेतला. "नवा आहे." मग उलटा केला. "रंग राहू दे. पोर्ट कुठाय?"

पोर्ट नव्हतं. सजावट सगळी जुनी आणि आत सगळं आजचं. मी जोडायची एक वायरही आणली, पण कुलूप तिला ओळखेना. म्हातारपणाचा नुसता मेकअप केलेल्या त्या बोर्डावर मी इतका चिडलो, की काकाच मला म्हणाले, "काहून तापतोस? चहा घे."

शेवटी दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात, नेहरू प्लेसच्या एका गाळ्यात खरा जुना बोर्ड सापडला. काकांनी दोनदा हुंगला. "वास आहे थोडा. पण चालेल." नाक सांगत होतं आणि ते ऐकत नव्हते.

रविवारी सकाळी मशीन सुरू झालं. कुलूप लागलं, पडद्यावर काकूंचं मराठी उमटलं. मी मोबाईल काढला. "काका, आधी फोटो घेतो सगळ्या पानांचे. मग वाचा निवांत."

"हात खाली कर. आधी मी वाचणार. तिनं कुणालाच दाखवलं नव्हतं."

"अहो, पण बोर्डाचा भरवसा नाही."

"तू बाहेर बस जरा."

आणि मी बसलो. आजही स्वतःला शिव्या घालतो. पाऊण तासानं फट् झालं आणि जळका वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. बोर्ड गेला, सोबत ते कुलूपही. काकांची नऊ पानं वाचून झाली होती.

मी वाट्टेल ते बोललो त्यांना. त्यांनी मशीनची वायर काढली. मग म्हणाले, "लग्नानंतर दिल्लीला आलो, तिथवर झालं. स्टेशनवर ती रडायला लागली, 'तेव्हा हे मला म्हणाले', आणि पान संपलं. काय म्हणालो असेन रे मी?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"रडली होती, हेच आठवत नाही."

पुढचे काही महिने लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, भेटले की तोच प्रश्न. राग गेला नव्हता माझा. हळूहळू मी त्यांना टाळायला लागलो, आणि हे सांगताना मला लाज वाटते.

थंडीत ते गेले. नागपूरहून त्यांची मुलगी आली. घर आवरताना तिनं मला एक वही दाखवली. "हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

पहिल्या ओळीत काकूंचं ते अर्धं वाक्य होतं. खाली काकांच्या अक्षरात एकेक ओळ, आणि प्रत्येक खोडलेली. रडू नको. मी आहे ना. उन्हाळ्यात आईकडे नेईन. भूक लागली का? अशी चार पानं भरली होती. शेवटची ओळ तेवढी खोडलेली नव्हती: काहीच म्हणालो नसेन.

वही हातात धरून मला पुन्हा त्यांचा राग आला. अहो काका, म्हणाला होतात तुम्ही काहीतरी. तिनं ते इतकी वर्षं लक्षात ठेवून लिहिलं होतं.