दोघीही ऑर्केस्ट्रात

धाकटी जर्मनीत ऑर्केस्ट्रात पियानो वाजवते, असं आई नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना सांगायची. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारी, चमचमत्या कपड्यांतली मंडळी. "एवढं लांब जाऊन ऑर्केस्ट्रातच का?" शेजारच्या काकू हळहळल्या. "मोठी तर इथेच वाजवते की!" मोठी म्हणजे मी. त्या दिवशी काकूंना मी दुसऱ्यांदा चहा दिला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी देवळाली कॅम्पात एका मिसकडे पियानो शिकायचो. खरं तर शिकायला मी जायचे, ती नुसती सोबतीला. मी ऐकलं की लगेच वाजवायचे, त्यामुळे समोरचा, सुरांच्या खुणा लिहिलेला कागद बघायचा मला कंटाळा. "तू कानाने वाजवतेस, बेबी. कागद बघ, कागद!" मिस ओरडायच्या. धाकटी बघायची. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक खूण टिपायची. एका उन्हाळ्यात मिसनी आईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "हिला मुंबईला परीक्षेला बसवा." त्यांचा हात धाकटीच्या डोक्यावर पडेपर्यंत मी कोणता फ्रॉक घालायचा ते ठरवूनही टाकलं होतं.

ती मुंबईला गेली, तिथून जर्मनीला. मी कीबोर्ड घेतला आणि गावातल्या ऑर्केस्ट्रात शिरले. जळायचं म्हणजे किती? तिच्या ऑर्केस्ट्राचा फोटो आला, तेव्हा आधी ती सापडेचना. पार मागे, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा चेहरा. आईने बॉलपेनने बाण काढून फोटो कपाटावर लावला. तो बाण बघून मला दर वेळी बरं वाटायचं.

एका वर्षी ती गणपतीत आली. पंचवटीत आमचा कार्यक्रम होता. निवेदकाने जर्मनीच्या पाहुणीला स्टेजवर बोलावलं, लोकांनी एका जुन्या गाण्यासाठी गलका केला. गाणं आम्हा दोघींना लहानपणापासून पाठ. ती कीबोर्डपुढे बसली, हात वर धरले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, कागद कुठंय?"

माइक चालू होता. लोक खो खो हसले. मी तिला बाजूला सरकवून गाणं उचललं आणि शिट्ट्या पडल्या. इतकी वर्षं मी याच घटकेची वाट बघत होते. मनसोक्त वाजवलं.

नंतर स्टेजमागे वडापाव खाताना ती म्हणाली, "तिकडे बाकीचे वाजवत असतात आणि मी मागे बसून मात्रा मोजत असते. माझे चार सूर येतात, की पुन्हा मोजायचं. चुकायचं नाही, एवढंच. तुझं बरंय गं. मला लहानपणापासून तुझा हेवा वाटतो. मिस तुला ओरडायच्या ना, तेव्हा वाटायचं, मला का नाही येत असं कानाने?"

तिचे डोळे भरून आले होते. तिला जवळ घ्यायला हवं होतं, हे मला कळत होतं.

"वडा गार होतोय," मी म्हणाले.

मुंबई तिची, जर्मनी तिची, आईचा बाणही तिचा. आमच्या दोघींत हेवा तेवढा माझा होता. तोसुद्धा तिने घेतला.