हवेच्या वरचा दाब

रोग्याच्या दंडाला पट्टा बांधण्याआधी आमचे डॉक्टर भिंतीवरच्या गोल तबकडीवर बोटाने टकटक करत. "हा हवेचा दाब. सगळ्यांवर सारखाच," म्हणत, "आता त्याच्या वर तुझा किती, ते बघू." मग रबरी फुगा दाबू लागत.

वडूजला त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. लढाईचे दिवस. ती तबकडी त्यांनी कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. लोकांना ते बंद पडलेलं घड्याळ वाटे. "डाक्टर, किल्ली द्या की त्येला," असं कुणीतरी सांगेच. डॉक्टर न कंटाळता समजावीत, की तबकडी पार पोकळीपासून, काहीच नसल्यापासून मोजते आणि पट्टा हवेच्या वरचं तेवढंच. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत. बाहेर ही गर्दी! तुम्हीच सांगा, मी चरफडू नको तर काय करू?

एकदा एक बाई माहेरी आलेल्या पहिलटकरीण लेकीला घेऊन आली. महिन्यापूर्वीही आणलं होतं. आता पोरीचे पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. डॉक्टरांनी दाब पाहिला, पुन्हा पाहिला. "आजच साताऱ्याला न्या."

"आवं, माझ्यापरीस कमीच हाय की तिचा!" बाईला स्वतःचा आकडा पाठ होता, तो ती मिरवायचीही. "आन पयलं बाळंतपण म्हायेरच्या घरातच व्हायाचं."

"तुझ्याशी नाही मोजायचा, बाई. तिच्याच गेल्या महिन्याशी मोजायचा. पोरगी हातची जाईल."

बाई हलेना. तेव्हा ऐन बाजारच्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर त्या दोघींबरोबर साताऱ्याच्या सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले. साताऱ्यात पोरीला झटके आले, पण इस्पितळात होती म्हणून वाचली. मुलगा झाला, तोही वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर औषधाच्या टेबलावर डोकं ठेवून दुपारभर घोरले. मला ते तेव्हा फार आवडले.

स्वतःच्या दंडाला मात्र पट्टा बांधू देत नसत. "माझं राहू दे रे." पुढच्या उन्हाळ्यात बोलता बोलता कोसळले, ते उठलेच नाहीत. अजून राग येतो त्यांचा.

मी दवाखाना आवरत होतो तेव्हा ती पोरगी आली. कडेवर मूल, आणि पुन्हा दिवस गेलेले. डॉक्टर गेल्याचं ऐकून ती मटकन बाकावर बसली.

"आता माजं कोन बघनार वं?"

मी यंत्र काढलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा ठोके ऐकायच्या त्या नळ्या कानात घातल्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. फुगा दाबून सोडला, पारा उतरू लागला. ठोके ऐकू येत होते, पण त्यातल्या कुठल्या ठोक्याला पाऱ्याचा आकडा धरायचा, हे डॉक्टरांनी मला शिकवलंच नव्हतं.