घडी घातलेली जर्सी

आमच्या घरासमोर पेठेची तालीम आहे, तिचा फुटबॉलचा संघही आहे. मॅचच्या दिवशी तिथं सगळ्या जर्सी मारुतीपुढं मांडतात, नारळ फोडतात आणि मग पोरं मैदानावर जातात. आज फायनल, म्हणून मी चहा घेऊन खिडकीत बसले होते. बघते तर वस्तादांनी एक जर्सी बाजूला काढली आणि घडी घालून कपाटात ठेवली. सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्या पोराची. गल्लीतल्याच एका मुलीनं त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीय, अंगावर हात टाकल्याची.

"वस्ताद, अजून सिद्ध कुठं झालंय?" एकानं विचारलंच.

"नाही झालं. म्हणून तर धुऊन ठेवलीय, फाडली नाही. चौकशी होऊ दे."

"आणि हरलो तर?"

"तर हरलो. पेठ काय बुडत नाही."

मला बाई त्याच्या आईचंही वाईट वाटतं. ती हल्ली नळावर येत नाही. पण त्या मुलीचा विचार करा. तो खेळला असता, त्यानं गोल केला असता, तर त्याच्या नावाचा जयघोष करत मिरवणूक तिच्याच दारावरून गेली असती. खरं-खोटं ठरायच्या आधीच गल्लीनं निकाल दिला असता, तोही हलगी वाजवून. त्यापेक्षा जर्सी थांबलेली बरी. थांबणं आपल्या पेठेला कधी जमलंय म्हणा.

बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ? माझा चहा निवेपर्यंत, तक्रार दिल्यापासून मागच्या बोळानं जाणारी ती पोर तालमीसमोरून गेली. जरा घाईनं गेली, पण समोरून गेली.