पांढऱ्यावर पांढरा दोरा

शिवण झाली की अक्का डोळे मिटायच्या आणि तिच्यावरून तर्जनी फिरवायच्या. "पांढऱ्यावर पांढरा दोरा डोळ्याला दिसत नाही, वहिनी. बोटाला कळतो." सुटलेला टाका हमखास सापडायचा.

बसवनगुडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. मूळच्या बेळगावकडच्या. गिऱ्हाइकांशी कन्नड, माझ्याशी मराठी, मशीन अडली की तिच्याशी दोन्ही. दर वर्षी माझं माप घेताना टेप थोडी पुढे सरके. त्या तिकडे न बघता म्हणत, "स्वल्प सैल ठेवते हं." तुमचंही माप असं पोटात ठेवणारी कुणी असेल, तर तिला जपा.

मी बँकेत, म्हणून गल्लीतले इंग्रजी कागद माझ्याकडे यायचे. मला ऐट पुष्कळ होती, कळायचं निम्मं.

एका सकाळी अक्का मॅमोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. डाव्या स्तनात काहीतरी हाताला लागत होतं. 'संशयास्पद काही नाही' ही ओळ मी मोठ्यानं सांगितली. पुढे ऊती दाट असल्याचं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"दाट म्हणजे घट्ट विणीचं, अक्का. टिकाऊ कापड."

आम्ही दोघी हसलो.

"पण बोटाला लागतंय हो."

"मशीनपेक्षा तुमचं बोट शहाणं का?"

त्या बोटाला मी हे म्हणाले.

नऊ महिन्यांनी काखेतही गाठ आली. तेव्हा सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई आम्हा दोघींना म्हणाल्या, दाट ऊती फिल्मवर पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "सरी, बरं. आपल्या धंद्यातलंच निघालं की, वहिनी."

केमोच्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत त्या डोक्याला रुमाल बांधून दुकानात बसत. एक दिवस मी धीर केला. "त्या रिपोर्टातली शेवटची ओळ मी वाचलीच नव्हती. गाठ लागत असेल तर सोनोग्राफी करा, असं होतं."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. "ठाऊक आहे. कॅन्सर निघाल्यावर भाचीनं वाचून दाखवली."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." दोरा ओवला गेला. "शनिवारी येत जा. बायका मापाला येतात, मी विचारते तपासलं का म्हणून. तुम्ही त्यांचे रिपोर्ट वाचा. पूर्ण."

दीड वर्ष शनिवारी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी रिपोर्ट वाचले. मग अक्का गेल्या. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या आठवड्यात माझाही रिपोर्ट आला. 'दाट' होतंच. कुकर वाजत होता. गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचलं. मग अक्कांनी शिवलेल्या ब्लाउजची बटणं काढली, डोळे मिटले, आणि बोटानं बघितलं.